आठ पेंड्या घेऊन सिल्वासाला

वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी सेक्रेटरी माझ्या मागं लागले. म्हणाले, "काका, तुम्ही सिल्वासाला राहून आलात, लिहा की चार पानं. आपल्या आळीतलं कोण गेलंय तिकडं?" मी म्हटलं, मी तिसरी पास. तर म्हणे, जसं बोलता तसं लिहा. जसं बोलतो तसं लिहिलं तर अंक बंद पडेल. तरी लिहितो. कुणाला जायचं असेल त्याला उपयोग होईल, आणि वाचून कुणी जायचं रद्द केलं तर त्याहून बरं.

आधी माझा धंदा सांगतो, त्याशिवाय मी तिकडं कशाला मरायला गेलो ते कळायचं नाही. मी चिरूट वळतो. चिरूट म्हणजे विडी नव्हे. कागद नाही, दोरा नाही. आत तंबाखूचं पान, बाहेर तंबाखूचंच पान, आणि मधे माणसाची बोटं. कॅम्पातल्या एका दुकानात मद्रासकडच्या उस्तादाच्या हाताखाली शिकलो. दुकान बंद पडल्यावर घरीच वळत बसलो. गिऱ्हाईक ठरलेलं. दोन पारशी म्हातारे, एक रिटायर कर्नल आणि एक डॉक्टर, जे दिवसभर लोकांना तंबाखू सोडा म्हणून सांगायचे.

वळायचो मी, पण पान तयार करायची माझी बायको, हौसा. ती निपाणीची. लहानपणापासून तंबाखूच्या वखारीत आईबरोबर पानं निवडलेली. पान नुसतं हुंगून ते काळ्या रानातलं की तांबड्या, हे सांगायची. कच्चं पान ओढलं तर घसा सोलतो. म्हणून त्यावर पाणी शिंपडून त्याचा ढीग लावतात, वर गोणपाट टाकतात, वर दगड ठेवतात. ढीग आतून तापतो, आणि त्या उबेत पानाचा उग्रपणा मरतो. हे सगळं तिच्याकडं. लोक मला उस्ताद म्हणायचे. ती आतून ऐकायची आणि भांडी जोरात ठेवायची.

हौसा गेली त्याला तेव्हा दहा महिने झाले होते. तिनं लावलेल्या शेवटच्या ढिगातला निम्मा माल शेजारणीनं आवराआवर करताना एका विडीवाल्याला देऊन टाकला. मी कुठं भानावर होतो? उरल्या आठ पेंड्या. पेंडी म्हणजे देठाकडून बांधलेली पानांची जुडी. त्या आठ मी ट्रंकेत ठेवल्या होत्या. वळत नव्हतो. वळल्या की संपल्या, मग घरात तिच्या हातचं काय राहिलं?

अशात जावयाचं पत्र आलं.

वापी ते नरोली

माझी मुलगी सुमन सिल्वासाजवळ नरोलीला असते. जावई प्रकाश तिथल्या एका अगरबत्तीच्या कारखान्यात सुपरवायझर. कारखान्याच्या शेठला आता हातानं वळलेले भारी चिरूट परदेशात पाठवायची लहर आली होती. प्रकाशनं तोंड उघडलं, "माझ्या सासऱ्यांच्या हातात जादू आहे." शेठ म्हणाला, बोलवा. नमुना पास झाला तर प्रकाशला नव्या खात्याचा मुख्य करणार. म्हणजे जादू माझी आणि खातं त्याचं. पण जावई आहे, नाही म्हणता येईना.

पेंड्या बरोबर न्याव्या लागल्या. दर दोन-तीन दिवसांनी वरून ओलं फडकं फिरवलं नाही तर पान वाळून त्याचा चुरा होतो. शेजारणीला सांगायची सोय नाही. एखादं म्हातारं माणूस सांभाळून न्यावं तशी ट्रंक मांडीवर घेऊन वापीला उतरलो.

वापीच्या हवेला एक वास आहे. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "काका, दोन दिवसांत कळणार पण नाही." हे तो कौतुकानं सांगत होता. प्रकाश स्कूटर घेऊन आला होता. ट्रंक पायात, मी मागं, आणि रस्ता सगळा ट्रकांचा. गुजरातेत दारूबंदी आणि सिल्वासा केंद्राच्या ताब्यात, त्यामुळं हद्द ओलांडली की पहिली पाटी बारची, दुसरी बारची, तिसरी शाळेची. मधे दमणगंगेचा पूल लागतो. नदी मात्र चांगली आहे, रुंद, निवांत. काठाला ताडाची झाडं. ती बघावी म्हटलं तर जावईबापूंनी शेजारच्या शेडकडं हात केला, "मामा, हे बघा, दोन वर्षांपूर्वी इथं भात होता!" आता तिथं प्लॅस्टिकच्या गोण्यांचा कारखाना होता. भात गेल्याचा एवढा आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर बघितला नव्हता.

नरोलीची त्यांची खोली म्हणजे एका शेतकऱ्यानं घरामागं बांधलेल्या दहा खोल्यांतली चौथी. वर पत्रा. एका बाजूला युपीचे चार जण, दुसऱ्या बाजूला धुळ्याचं बिऱ्हाड, समोर एक कोकणातले मास्तर. सकाळी नळापाशी चार भाषांतून भांडणं होतात आणि सगळ्यांना सगळ्या समजतात.

सुमननं जेवायला वाढलं. वरण तोंडात घातलं तर गोड.

"हे काय?"

"इथं असंच करतात, अण्णा. मी घरमालकीण बेनकडून शिकले."

"तुझ्या आईनं असं वरण केलं असतं तर मी पाटावरून उठलो असतो."

"उठला असतात खरे, पण दोनदा मागूनच." मग पळी हातात तशीच धरून तिनं विचारलं, "अण्णा, शेवटी आई काय बोलली? मी पोचायच्या आधी?"

सुमन पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. हा प्रश्न तिनं तेराव्याला विचारला, मग दोन पत्रांतून विचारला. मी म्हटलं, "मिरची दे जरा. हे वरण आहे का खीर?" आणि तो विषय तिथंच मोडला.

सायली, दुसरा दिवस

कारखाना सायली गावात. बाहेरून पत्र्याची लांब शेड, आत शिरलो तर डोकंच गरगरलं. मोगरा, केवडा, चंदन, गुलाब, सगळे एकदम अंगावर आले. शंभर देवळांचे गाभारे एका खोलीत कोंडल्यासारखे.

शेठ पस्तिशीचा असेल. सफारी, पायात पांढरे बूट, बोलणं मोकळं. "आवो काका, आवो. एकदम फर्स्ट क्लास माल पायजे. फॉरेनवाळा बघून गांडा झाला पायजे." गांडा म्हणजे त्यांच्यात वेडा. प्रकाशनं लगेच कानात सांगितलं म्हणून बरं.

त्यानं मला टेबलाशी नेलं. टेबलावर लाकडी पेट्यांची चळत. आणि सोनेरी कागदी पट्ट्या, ज्या चिरुटाच्या कमरेला बांधतात. पट्टीवर राजवाडा, सिंह, दोन तलवारी.

"हे छापून आलं?"

"केव्हाचं."

"आणि चिरूट?"

"ते तुम्ही बनवणार ने!"

वर ठरायच्या आधी मुंडावळ्या बांधून बसले होते. मी म्हटलं, पान दाखवा. त्यानं गोडाऊन उघडलं. पान खरंच चांगलं होतं, आंध्रातलं, लांब, बारीक शिरांचं. मी एक उचलून नाकाशी नेलं. मोगरा. दुसरं उचललं. मोगरा आणि खाली थोडा केवडा.

तंबाखूचं पान वास पितं. कांद्याशेजारी ठेवलं तर कांद्याचं होतं, रॉकेलशेजारी ठेवलं तर रॉकेलचं. आमच्या उस्तादानं पहिल्या दिवशी मला हे शिकवलं, आणि केसाला तेल लावून आलो म्हणून घरी पाठवलं. इथं या शहाण्यांनी पन्नास पोती पान अत्तराच्या पिंपांना टेकवून महिनाभर ठेवलं होतं.

मी शेठला सांगितलं, हे पान गेलं. तो हसला. "काका, सुगंध तर आपली स्पेशालिटी छे." प्रकाश मागून माझा सदरा ओढत होता.

कामाला वीसेक पोरी दिल्या. काही तिथल्याच वारली, काही धुळे-नंदुरबारकडच्या. बोटं अशी चपळ की काय सांगू. पण तीच तर अडचण. जन्मभर अगरबत्ती वळलेल्या. पाटावर मसाला, मसाल्यात काडी, तळव्यानं दाब देऊन सर्रकन फिरवली की झालं. चिरूटही तसाच वळायला लागल्या. घट्ट, गुळगुळीत, लाटण्यासारखा. एक पेटवला तर धूर येईना. गाल आत गेले, डोळे बाहेर आले, धूर नाही.

"अगं, दाबू नको! आत हवा राहिली पाहिजे. पानं चुरगाळून नाही, पंख्याच्या घड्या घालतात तशी धरायची."

धुळ्याची एक पोरगी होती, तोंडाची फटकळ. म्हणाली, "काका, सैल वळलं की आमचा माल रिजेक्ट व्हायचा. आता घट्ट वळलं तर तुम्ही रिजेक्ट करता. आमी करावं तरी काय?"

तिचं चुकत नव्हतं. पण मी चिडलेलो होतो, म्हणून तिलाही बोललो. ती दुसरीला म्हणाली, "बाबाला जेवण गोड मिळालेलं दिसत नाही." म्हटलं, बाई, उलट आहे.

संध्याकाळी प्रकाश म्हणाला, "मामा, खोलीवर उंदीर फार आहेत. तुमची ट्रंक मी फॅक्टरीत कुलपात ठेवली." मला बरं वाटलं. मनात म्हटलं, पोरगं बडबडं आहे पण जबाबदार आहे.

तिसरा दिवस, थोडं चांगलं

सेक्रेटरींनी सांगितलंय की चांगलंही लिहा. म्हणून हा दिवस.

कारखान्याला सुट्टी होती. सुमननं दादऱ्याच्या बागेत नेलं. तिथं तळं, तळ्यावर लाकडी पूल, पुलावर नवी लग्नं झालेली जोडपी. तिथं सिनेमाची गाणी काढतात म्हणे. मी एका बाकावर बसलो तर फोटोवाल्यानं उठवलं, "दादा, पाठीमागं तुम्ही येता." मी पाठीमागं आलो तर काय बिघडतं? माझ्या पाठीमागं पण कुणीतरी येतंच की.

परतताना रस्त्याच्या कडेला उंबाडियुं खाल्लं. थंडीत मिळतं. सुरण, रताळी, पापडीच्या शेंगा, बटाटे, सगळं हिरवा मसाला लावून मडक्यात भरायचं, तोंडाला रानातला पाला कोंबायचा, मडकं उलटं करून वरून गोवऱ्यांचा जाळ. आपल्याकडच्या हुरड्याची मजा आठवली, पण हे त्याहून ओलसर आणि धुरकट. पालाच असा कडवट वासाचा की तो सगळ्या कंदांत मुरतो. वर हिरवी चटणी आणि ताक. दोन द्रोण खाल्ले. या पाच दिवसांत ही एक गोष्ट कुणी बिघडवली नव्हती.

सुमननं तिथं परत विचारलं. मी ताक मागवलं.

चौथा दिवस, गोडाऊन

पेंड्यांवर फडकं फिरवायचा दिवस. कारखान्यात गेलो आणि ऑफिसात ट्रंक मागितली. कारकून म्हणाला, इथं नाही. प्रकाशला बोलावलं.

"मामा, ती गोडाऊनमध्ये आहे. कुलपात म्हटलं ना."

मी धावतच गेलो. मोगऱ्याच्या पिंपाशेजारी ट्रंक, आणि झाकण उघडं.

"झाकण कुणी उघडलं?"

"मीच. म्हटलं पानाला हवा लागावी."

दोन दिवस आणि दोन रात्री. मी वाकून वास घेतला. हौसाच्या पेंड्यांना मोगऱ्याचा वास. आमच्या हौसानं आयुष्यात गजरा माळला तो लग्नात, आणि तोही सासूनं ओरडून काढायला लावला.

मी प्रकाशला काय काय बोललो ते अंकात लिहिता येणार नाही. तो बिचारा उभा राहिला, कान लाल. शेवटी म्हणाला, "मामा, मला माहीत नव्हतं." आणि खरंच माहीत नव्हतं. त्याचाच तर राग जास्त. जाणूनबुजून केलं असतं तर निदान जन्मभर बोलायला झालं असतं.

गोडाऊन झाडणारी एक म्हातारी होती, वारली. तिला सगळे डोसी म्हणत, म्हणजे म्हातारी. काळी, काटकुळी, कानात आपट्याच्या पानाची विडी खोचलेली. ती झाडू टाकून आली, उकिडवी बसली, एक पेंडी उचलली. मी ओरडलो, "हात लावू नको!"

"ओरड नको रे डोसा. कान हायेत मला." तिनं पेंडीची गाठ सोडली. वरची पानं एकेक करून बाजूला टाकली. मग मधलं एक पान काढून नाकाखालून सावकाश फिरवलं, आणि माझ्या नाकाखाली धरलं.

मोगरा नव्हता.

"वरचा गेला. आतला हाय," ती म्हणाली.

दुपारपर्यंत आम्ही दोघं मागच्या ओट्यावर बसून पानं निवडत होतो. डोसी हुंगायची, मी हुंगायचो. एखाद्या पानावर आमचं जमायचं नाही, तेव्हा ती पान चक्क जिभेला लावायची आणि म्हणायची, "टाक." आणि दर वेळी तिचंच बरोबर निघायचं. आठातल्या अडीच पेंड्या हाती लागल्या.

मी विचारलं, हे तू कुठं शिकलीस? तेव्हा तिनं सांगितलं. फिरंग्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं राज्य असताना ती पोरवयात एका साहेबाच्या बंगल्यावर केर काढायला होती. चर्चच्या बाजूला होता तो बंगला. साहेब जेवण झालं की व्हरांड्यात बसून चिरूट ओढायचा आणि थोटूक फुलझाडाच्या कुंडीत खोचायचा. सकाळी डोसी कुंड्यांना पाणी घालायच्या आधी थोटकं वेचायची. अर्धं तिचं, अर्धं तिच्या नवऱ्याचं.

"लय बरा असायचा," ती म्हणाली. "पयला जिबेला चिमटा घ्यायचा. मंग मऊ व्हायचा, भिजून सुकल्या लाकडासारखा. मंग इथं ऊब." तिनं छातीवर हात ठेवला. "फिरंगी गेला त्याला चाळीस वरसं होत आली. तसा परत नाय भेटला."

पन्नास वर्षं हा धंदा केला. पारशी बोलले, कर्नल बोलले, पण चिरुटाची चव इतकी नेमकी सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. आणि ती थोटकं वेचणारी निघाली. शेठनं हिच्या हातात झाडू दिला होता आणि चव बघायला स्वतः बसला होता.

पाचवा दिवस

सकाळी शेठनं नमुना बघितला. पोरींनी दोन दिवसांत हात बराच सैल केला होता, हे कबूल केलं पाहिजे. धुळ्याच्या पोरीचे तर मी माझे म्हणून खपवले असते. पण पान तेच, मोगऱ्याचं. शेठनं सोनेरी पट्टी लावलेला एक पेटवला, खोकला, डोळे पुसले आणि म्हणाला, "वाह! काय सुगंध!"

मी म्हटलं, "शेठ, हा चिरूट नाही. ही अगरबत्ती आहे. फक्त देवापुढं लावायची राहिली."

"काका, हेच तर फॉरेनमधे नाय भेटणार!"

प्रकाश पाया पडायच्या बेतात होता. त्याचं खातं पक्कं झालं. मला त्याचा आनंदच झाला, पण दिवसभर डोकं भणभणत होतं. मला इतक्या लांब बोलावलं, माझं काही ऐकलं नाही, आणि काम झालं. पुढं सुमननं पत्रात कळवलं की मालाला मागणी आली. परदेशातही शहाणे कमी दिसतात.

माझ्या अडीच पेंड्यांची आता कुणाला गरज नव्हती. तिथंच त्या घेऊन परत ट्रंकेत ठेवता आल्या असत्या. पण एकदा गाठ सुटलेली पेंडी राहत नाही. उघड्या पानाला आठवडाभरात वारा खातो. आता वळणं किंवा फेकणं, दोनच वाटा.

दुपारी ओट्यावर पाट घेतला. डोसी समोर बसली. मी शिरा काढल्या, आतली पानं घड्या घालून धरली, वरचं पान तिरपं कापलं आणि टोकापासून टोकापर्यंत फिरवत नेलं. मैद्याची खळ बोटभर, चिरुटाच्या डोक्याला. दहा महिन्यांत हात विसरला नव्हता. अकरा झाले.

ताजा चिरूट ओलसर असतो, खरं म्हणजे पंधरा दिवस ठेवायचा. पण चव लपत नाही. मी दोन पेटवले. एक तिला दिला.

डोसीनं डोळे मिटून एक झुरका घेतला. मग दुसरा. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. परीक्षेला बसलेल्या पोरासारखं मास्तरकडं बघत बसणं मला जन्मात कधी जमलं नव्हतं, तेव्हा जमलं.

"ढीग परतला नाय," ती म्हणाली.

"काय?"

"पान चांगला हाय. ढीग परतला नाय. करपला मधी. कडू हाय."

ढीग तापतो म्हणालो ना, तो मधे जास्त तापतो. म्हणून दर पाच-सहा दिवसांनी तो मोडून परत लावायचा. आतलं पान बाहेर, बाहेरचं आत. एक पाळी चुकली की मधलं पान आतल्या आत करपतं. बघताना ते छान काळंभोर दिसतं, अगदी पिकल्यासारखं. चव घेतली की कळतं.

मीही ओढला. पहिल्या झुरक्याला कळलं. खरं सांगायचं तर पेंड्या ट्रंकेत ठेवतानाच नाकाला कळलं होतं. मी नाक दुसरीकडं केलं होतं, दहा महिने.

मी डोसीवर खेकसलो. म्हटलं, तुला काय कळतं, थोटकं वेचून ओढणारी तू. ती हलली नाही. चिरूट ओढतच राहिली.

"कोणी लावला ढीग?"

"माझ्या बायकोनं."

"मंग परतला का नाय तिनं?"

"आजारी पडली. दवाखान्यात होती."

"अनं तू कठं होतास?"

मी पाट उचलला, सुरी उचलली, उरलेले नऊ चिरूट फडक्यात गुंडाळले आणि चालायला लागलो. मागून ती ओरडली, "एक ठेवून जा रे! कडू हाय म्हणून काय झाला!" परत फिरलो आणि दोन ठेवले.

त्याच दिवशी, नरोली

संध्याकाळचे पाच असतील. सुमन दारात तांदूळ निवडत बसली होती. मी फडकं तिच्यापुढं सोडलं.

"हे तुझ्या आईच्या पानांचे. सात. कडू झालेत."

तिनं ताट बाजूला ठेवलं.

मग मी सांगितलं. चार दिवस दवाखान्यात होतो. ती कॉटवर, मी स्टुलावर. पहिल्या दिवशी तिला दम लागत होता तरी म्हणाली, "अवं, घरला जावा. ढीग परतायचा हाय." मी म्हटलं, मरू दे ढीग. दुसऱ्या दिवशी परत तेच. "मी काय पळून जात न्हाई. ढीग करपंल." तिसऱ्या दिवशी आवाज गेला होता, तर हातानं दाखवायची. दोन्ही हात असे उलटे करायची, पालथे-सुलटे. नर्सला वाटलं काही दुखतंय, तिनं इंजेक्शन दिलं. चौथ्या दिवशी सकाळी मला जवळ बोलावलं. मी कान नेला. म्हणाली, "परतलासा?" मी म्हटलं, हो. त्यानंतर काही बोलली नाही.

युपीवाल्यांपैकी एक जण बादली घेऊन नळावर आला, आमच्याकडं बघून परत गेला.

"माझं नाव काढलं का, अण्णा?"

खोटं बोलता आलं असतं. एकदा बोललोच होतो त्या सकाळी. म्हटलं, "नाही. ढीगच. शेवटपर्यंत ढीग."

सुमन हसायला लागली. तोंडाला पदर लावून हसत होती आणि डोळ्यांतून धारा. "आईच ती," म्हणाली. "माझ्या बारशालासुद्धा पानं निवडत बसली होती म्हणे." मग तिनं एक चिरूट उचलला, हुंगला, आणि एकदम तिचा चेहरा बदलला.

"पण मी म्हणते, तुम्हाला एकदा जाऊन येता येत नव्हतं? दवाखान्यातून घर दहा मिनिटांवर! शेजारच्या काकू बसल्या असत्या की तिच्यापाशी अर्धा तास. तिनं एवढ्या जिवावर ढीग लावला, ती हातानं सांगतेय, पायानं सांगतेय, आणि तुम्ही आपले स्टुलावर बसून! कुणाचं कधी ऐकलंयत आयुष्यात?"

दहा महिन्यांत मला असं कुणी बोललं नव्हतं. भेटायला येणारे सगळे पाठीवर हात फिरवून जायचे.

मी म्हटलं, "नाही गेलो. बसून राहिलो. आणि परत ती वेळ आली तरी बसूनच राहीन. ढीग गेला खड्ड्यात."